अर्धा चुडा

भर दुपारी दुकानाची फळी अर्धी ओढून ते मागच्या खोलीत आडवे झाले होते. तोंड भिंतीकडे, डावा हात उशीवर पसरलेला. सदऱ्याची बाही वर सरकली होती आणि कोपरावरचा तो लालभडक चट्टा, त्यावरचे अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे, सगळं उघडं पडलं होतं. मी पदराची पिन काढली. जवळ बसले. मग डोळे मिटून चट्ट्याच्या बरोबर मध्यावर पिन टोचली.

"अगं आई गं!" ते ताडकन उठून बसले. "काय चावलं?"

"डास असेल."

"एवढा?" त्यांनी कोपर वळवून बघितलं. रक्ताचा थेंब आला होता. मग त्यांची नजर माझ्या खांद्याकडे गेली. "पदर का सुटलाय तुझा?"

"पिन कुठंतरी पडली," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

गॅसपाशी उभी राहिले आणि मला रडूच कोसळलं. महारोगाच्या चट्ट्याला टोचलं तरी माणसाला कळत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. यांना कळलं होतं. चांगलंच कळलं होतं. म्हणजे तो रोग नव्हता. देवा, नव्हता.

पण चहाला उकळी येईपर्यंत तो आनंद सरला. तो रोग नाही, तर मग ते दोघं माझ्यापासून लपवत काय होते?

ते दोघं म्हणजे माझा नवरा मुरलीधर झरकर आणि सोलापूरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर बिराजदार.

आम्ही कासार. बार्शीत बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. मुलगी लग्न होऊन लातूरला गेलेली, घरात आम्ही दोघंच. यांचा हात असा मऊ की बायका लांबून यायच्या. आखडलेला, कामानं राठ झालेला हात असला तरी अंगठ्याचं हाड असं अलगद आत दाबायचे की काचेची बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचं नाही. बाई "आई गं" म्हणायला तोंड उघडायची तोवर तिसरी बांगडी चढलेली असायची.

आणि त्या हातावर हे उठलं. आधी कोपरावर होतं, गुडघ्यावर होतं, ते झाकून जायचं. पुष्कळ वर्षं तसंच चाललं होतं. पण त्या साली तळहात लाल झाले, भेगाळले, बोटांच्या पेरांवरून कोंडा गळायला लागला. बायका दुकानात यायच्या, बांगड्या निवडायच्या आणि हे पुढे झाले की हात मागे घ्यायच्या. "वहिनी, तुम्हीच भरा." कुणी काही बोलायचं नाही. आपसात मात्र बोलायच्या. एकीनं तर माझ्यासमोर लेकीला दटावलं, "त्या गादीवर बसू नको." मी घरी जाऊन ती गादी जाळली. यांना सांगितलं, कापूस बसला होता.

म्हणून सोलापूर गाठलं. बिराजदार बाई वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. यांचे हात आपल्या उघड्या हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. हातमोजे नाही, काही नाही. "सोरायसिस आहे," म्हणाल्या. "एकाचा दुसऱ्याला होत नाही. सांगा लोकांना." इथपर्यंत ठीक होतं. मलम लिहून देतील, उठू, असं मला वाटलं. तर बाईंनी टेप काढली आणि यांची कंबर मोजली! रक्तदाब घेतला. मग प्रश्न सुरू. वडील कशानं गेले? बसल्या जागी गेले? वय किती होतं? तंबाखू खाता? जिना चढताना दम लागतो? छाती दडपते? चालताना डाव्या हातात कळ येते? जबडा दुखतो?

मी बघतच राहिले. दुखणं हाताच्या कातडीचं, आणि बाई विचारतायत जबड्याचं. रोग नक्की कुठला आहे?

तेवढ्यात हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जरा बाहेर बसतेस का?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी कुठल्या डॉक्टरनं बाहेर बसवलं नव्हतं. आणि इथं तर नवऱ्यानंच बसवलं. मी बाकावर बसले. दार लोटलेलं होतं. आतून बाईंचा आवाज चढलेला ऐकू आला, यांचा खाली गेलेला. शब्द कळले नाहीत. हे बाहेर आले तेव्हा यांचं तोंड उतरलेलं होतं आणि दारात उभ्या असलेल्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू काही बोलायचं होतं आणि कुणी ओठ शिवले होते.

"काय म्हणाल्या?" मी एसटीत विचारलं.

"काही नाही. मलम लाव म्हणाल्या."

"मग ओरडत का होत्या?"

"त्यांचा आवाजच तसा आहे."

खोटं बोलताना या माणसाचा एक रिवाज होता. उत्तर द्यायच्या आधी कानाची पाळी चोळायचे. ती सोलापूर ते बार्शी चोळून चोळून लाल झाली.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. यांनी कुठली गोळी कधी घेतली, कोणाशी किती बोलले, यावर माझी पाळत. दुकानाची वखार माडीवर होती. पेट्या काढायला हे वर जायचे, तर मध्येच थांबायचे, कठडा धरायचे. मी खालून बघतेय असं कळलं की "ही पायरी हलतीय, बघायला पाहिजे," म्हणायचे. पायरी हलत नव्हती. मी स्वतः नाचून बघितली.

आणि एके सकाळी यांचा मोबाईल वाजला. हे उठून दुकानाबाहेर गेले. मी झाडू घेतला आणि उंबऱ्यापाशी केर नसताना काढू लागले.

"बाई, सांगितलंय ना तुम्हाला, लग्नसराई होऊ द्या," हे दबक्या आवाजात म्हणत होते. "मग करू ती तपासणी... नाही, नाही, तिला नाही सांगायचं. तुम्ही कबूल केलंय... हां. ठेवतो."

तिला नाही सांगायचं. ती म्हणजे मी. त्याच दुपारी मी पिन उघडली होती.

पिनेनं एक दार बंद केलं, पण बाकीची उघडीच. कॅन्सर असेल? क्षय? आणखी काही, जे बायकोसमोर बोलता येत नाही? तसलंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, तू बाबांवर हेरगिरी करतेस? सरळ विचार ना." सरळ विचारलं की कान चोळणार. काय उपयोग?

अशात डोईफोड्यांच्या मयूरीचं लग्न आलं. तिची आई विमलताई आमची जुनी गिऱ्हाईक. तिच्या लग्नातला चुडा यांच्या वडिलांनी भरला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घरी येऊन हिरवा चुडा भरायचा, असं ठरलं. सांगायला आल्या तेव्हा विमलताई दारातच उभ्या राहिल्या. "वहिनी, तुम्हीच या हं भरायला. भाऊंना कशाला त्रास."

हे आतून ऐकत होते. बाहेर आले आणि हसून म्हणाले, "मी नुसता पेट्या उचलायला येतो, ताई. ओसरीवर बसेन."

विमलताईंचं तोंड एवढंसं झालं. पण हे काही मागे सरले नाहीत. सकाळी पांढरा सदरा घातला, पूर्ण बाहीचा, मनगटापर्यंत बटणं लावली आणि बांगड्यांच्या पेट्या घेऊन माझ्यापुढे चालायला लागले. ऊन कोवळंच होतं, तरी यांची पाठ ओली झालेली मी मागून बघत होते.

"द्या एक पेटी इकडे."

"चल गप."

मयूरीच्या घरी हळदीचा नुसता घमघमाट. बायकांनी खोली भरलेली. मला पाट दिला, समोर मयूरी बसली, पिवळीधम्मक, हसरी. यांनी पेट्या आत सरकवल्या आणि ओसरीवर जाऊन खांबाला टेकून बसले. दाराच्या चौकटीतून मला त्यांचा एक खांदा दिसत होता. मी मुद्दामच पाट तसा घेतला होता.

विमलताई माझ्या कानाशी वाकल्या. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. या बांगड्यांना भाऊंचा हात नाही ना लागला?"

"गठ्ठे बांधताना लागलाच असेल," मी म्हणाले. "हात लागून हा रोग होत असता, तर तो माझ्यावर कधीच उतरला असता."

मयूरीनं हात पुढे केला. मी डावा हात भरून संपवला, उजवा घेतला. दोन बांगड्या चढल्या असतील. चौकटीतला खांदा खाली घसरला.

मी उठले. गुडघ्यावरच्या बांगड्या खळकन सांडल्या. बाहेर हे खांबाला धरून बसले होते, तोंड राखेसारखं, कपाळावरून घाम निथळत होता. मयूरीचा मामा तिथंच उभा होता. त्याचं औषधाचं दुकान होतं म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते.

"पित्त आहे," तो लांबूनच म्हणाला. "सकाळपासून उपाशी दिसतात. सोडा आणा, ढेकर आली की मोकळं वाटेल."

"सकाळी भाकरी खाल्लीय यांनी," मी म्हणाले.

"मग अपचन." मागून कुणीतरी कुजबुजलं, "लग्नघरात रोग घेऊन आलेत की काय?"

मी यांच्यासमोर बसले. उजव्या हाताची बोटं गालाखाली होती. हनुवटीच्या कडेनं, कानाच्या खाली, हळूहळू चोळत होते.

मला ती डॉक्टरीणबाई आठवली. टेप हातात घेतलेली. जबडा दुखतो का?

"जबडा दुखतोय?"

"नाही गं." बोटं कानाच्या पाळीकडे सरकली.

"खोटं बोलताय."

"मामा म्हणतायत तसं पित्तच असेल. लग्नाचं घर आहे, तू जा आत, चुडा पुरा कर. अर्धा ठेवू नये."

"यांना दवाखान्यात न्यायचं," मी उठून सगळ्यांना म्हणाले. "आत्ता. बाहेर जीप उभी आहे ना? धरा कुणीतरी."

कुणी हललं नाही. धिप्पाड माणसं होती, मांडवाचे खांब उचलून आलेली. सगळ्यांचे डोळे यांच्या हातांकडे. घामानं बाही चिकटली होती, कफाचं बटण सुटलं होतं, लाल चट्टा दिसत होता. मामा म्हणाला, "सोडा तरी पिऊ द्या आधी." मी एकटीनं काखेत हात घातला. माणूस जड झाला होता, उचलेना.

तेवढ्यात शेजारून एक पिवळा हात आला. मयूरी होती. तिनं यांचा दंड आपल्या गळ्यात घेतला, दुसऱ्या हातानं कंबर धरली आणि जोर केला. खांबावर तिचा हात आपटला. हिरवा चुडा कडाकडा वाढला. काच ओसरीभर झाली.

"मयूरी!" विमलताई किंचाळल्या. "अगं चुडा! अवलक्षण झालं गं!"

"आई, माणूस चाललाय!" मयूरी ओरडली. "पाय धरा कुणीतरी! मामा, बघत काय उभा राहिलास?"

मग धरलं. मामानंच आधी धरलं, खरं सांगायला हवं. जीपमध्ये यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पायांशी मयूरी बसलेली, मनगटातून रक्त ओघळतंय.

दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला आणि धावपळ उडाली. हृदयाची नळी बंद पडली होती. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत," म्हणाले. "घरी सोडा पाजत बसला असता तर कठीण होतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी काय सांगणार? म्हणाले, "माझा यांच्यावर विश्वास नाही."

संध्याकाळी मी अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसले होते. जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला. विमलताई होत्या, हातात आमची पेटी, मागे मनगटाला पट्टी बांधलेली मयूरी.

"सासरचे उद्या सकाळी येतील," विमलताई खाली बघत म्हणाल्या. "दुसरा कासार बघू म्हटलं, तर ही ऐकेना. यांच्याच पेटीतला भरीन म्हणते." मग जरा थांबून, "भाऊ कसे आहेत?"

"आहेत."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी सरकून जागा केली. त्या बाकावर, दिव्याच्या पांढऱ्या उजेडात मी मयूरीचा चुडा भरला. पट्टीच्या वरून बांगडी जाईना, तेव्हा तिथली नर्स कात्री घेऊन आली आणि पट्टी आतल्या बाजूला बांधून दिली. शेवटची बांगडी चढली तशी मयूरी वाकली, माझ्या पायाला हात लावला, आणि मग उठून त्या बंद काचेच्या दाराशी जाऊन उंबऱ्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी बिराजदार बाई सोलापूरहून गाडी घेऊन आल्या. मी त्यांची वाटच बघत होते.

"काय लपवलंत माझ्यापासून?" मी उठून उभीच राहिले.

"हेच," त्या म्हणाल्या. "बसा आधी. सोरायसिस म्हणजे नुसती कातडी नव्हे. वर जी आग दिसते, ती शरीरात आतही असते. रक्तवाहिन्यांनाही सूज धरते. सगळ्यांना झटका येतो असं नाही, पण जुना आणि अंगभर असेल तर हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यात यांचा रक्तदाब वाढलेला, पोट सुटलेलं, वडील तसेच गेलेले. मला पहिल्याच दिवशी शंका आली. हृदयाची तपासणी करा म्हटलं. ते म्हणाले लग्नसराईनंतर. आणि तुम्हाला सांगायचं नाही, ही अट घातली. पेशंटनं अट घातली की माझे हात बांधले जातात. मी फोन करत राहिले."

"पण मला का नाही सांगायचं? मी काय परकी?"

"ते त्यांनाच विचारा."

आत सोडलं तेव्हा विचारलं. नळ्या लागलेल्या, आवाज बसलेला. आज कान चोळायला हात मोकळा नव्हता.

"अंगावरचं सगळ्यांना दिसतं," ते म्हणाले. "ते बघून लोक हात काढून घेतात. आतलं कुणाला दिसत नव्हतं. तेवढं तरी माझ्यापुरतं राहू दे, असं वाटलं. आणि काळजाचा रोगी म्हटल्यावर नव्या नवरीच्या घरी कोण बोलावणार मला?" मग माझ्याकडे वळून, "तुला सांगितलं असतं तर तू मला माडी चढू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"तेच."

मी त्यांचा हात घेतला. भेगाळलेला, गरम.

"आणखी काही लपवलंय?"

"नाही."

"खरं?"

"अगं खरंच नाही. आता तरी विश्वास ठेव."

पुढे सोलापूरला हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, तंबाखू सुटली, हातही पुष्कळ निवळले. तो माणूस त्यानंतर चांगली पंधरा-सोळा वर्षं जगला, नातवंडांच्या मुंजी-लग्नांच्या गप्पा करत, रोज सकाळी फिरायला जात. बायका परत यांच्यापुढे हात करू लागल्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. आणि रोज सकाळी हे फिरून आले की मी दारात उभी राहून विचारायची, छाती दडपली का, दम लागला का, जबडा दुखतो का. हे "नाही" म्हणायचे. मी यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघायची, आणि मगच चहा द्यायची.